हनुवटीखालून काढलेली नळी

चेहऱ्याची हाडं मोडलेला पेशंट भुलीसाठी येतो तेव्हा आमच्यापुढचा पहिला प्रश्न औषधांचा नसतो, वाटेचा असतो. श्वासाची नळी तोंडातून घातली तर सर्जनला वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसवता येत नाहीत. नाकातून घातली तर चेचलेलं नाक उचलायला जागा उरत नाही, आणि कवटीचा तळ तडकलेला असेल तर नळीचं टोक भलतीकडे जाण्याची धास्ती वेगळी. गळ्याला छेद देऊन ट्रेकिऑस्टॉमी करावी, तर चार-सहा तासांच्या शस्त्रक्रियेपायी गळ्यावर कायमचा व्रण, शिवाय रक्तस्राव, संसर्ग आणि पुढे श्वासनलिका आकसण्याचा धोका. म्हणून जबडा आणि नाक एकाच बैठकीत दुरुस्त करायचं असेल तेव्हा आम्ही चौथी वाट धरतो. नळी तोंडातूनच घालायची, आणि मग तिचं बाहेरचं टोक तोंडाच्या तळातून हनुवटीखाली ओढून घ्यायचं. स्पेनमधले सर्जन फ्रान्सिस्को एर्नांदेस आल्तेमिर यांनी १९८६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. पूर्ण नाव सबमेंटल इंट्युबेशन. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे नुसतं ‘सबमेंटल’ म्हणतात.

दात जुळण्याला एवढं महत्त्व का, हे भूल देणाऱ्यानेही समजून घेतलेलं बरं. नाहीतर टेबलावर ‘सर, थोडं ॲडजस्ट करा ना’ अशी घासाघीस सुरू होते. जबडा चार-पाच ठिकाणी मोडला की कुठला तुकडा मुळात कुठे होता हे सांगणारी भरवशाची खूण एकच उरते, दातांची झिजलेली पृष्ठं. वर्षानुवर्षं चावून वरच्या दाताने खालच्या दातावर आपली जागा कोरलेली असते. ती जागा जुळली की जबडा जुळला. म्हणून सर्जन आधी दोन्ही जबड्यांना आर्च बार, म्हणजे दातांलगत बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बांधतात, वायरने दात मिटवतात, मग टायटॅनियमच्या प्लेटा लावतात. मध्येच वायर सोडून जबडा हलवून बघतात, पुन्हा बांधतात. ८ नंबरची नळी बाहेरून एक सेंटिमीटरपेक्षा जाड असते. ती दातांमध्ये असताना हे काहीच होत नाही. आणि दातांची गाठ थोडी जरी चुकली तरी पेशंटला ते पहिल्या घासाला कळतं.

वाट ठरते ती आदल्या संध्याकाळी, सीटी स्कॅन पुढ्यात ठेवून, आणि सर्जन शेजारी बसलेले असताना. रिपोर्टमध्ये ल फोर एक, दोन किंवा तीन असं लिहिलेलं असतं. रने ल फोर या फ्रेंच सर्जननी १९०१ मध्ये शवांवर आघात करून मधला चेहरा कुठल्या रेषांवर फुटतो ते शोधलं, त्यावरून ही नावं. खऱ्या पेशंटमध्ये इतकी स्वच्छ रेष क्वचित दिसते; एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन, शिवाय खालचा जबडा वेगळा, असा गोंधळच जास्त. आम्हाला त्यातून एवढंच हवं असतं की ल फोर दोन आणि तीनमध्ये तडा नाकाच्या मुळापर्यंत जातो आणि कवटीच्या तळाची चाळणीसारखी पातळ हाडंही सोबत फुटलेली असू शकतात. नाकातून पाण्यासारखं पातळ काही, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी, गळतंय का, वाकल्यावर वाढतं का, घशात खारट लागतं का, हे पेशंटला विचारायचंच. गळत असेल तर नाकातून नळीही नाही आणि पोटात जाणारी रायल्स ट्यूबही नाही. मास्कने जोराने हवा दाबायचीही नाही, कारण ती हवा कवटीत शिरू शकते.

मग तोंड उघडायला सांगायचं. दोन बोटंसुद्धा जात नसतील तर कारण शोधायला हवं. दुखतं म्हणून उघडत नसेल तर भूल दिल्यावर जबडा सैल पडतो. पण गालाचं कमानीसारखं हाड आत दबून खालच्या जबड्याच्या टोकाला अडत असेल, तर कितीही औषध द्या, तोंड उघडणार नाही. या दोघांमधला फरक पेशंटकडे बघून सांगता येत नाही, सीटीवर दिसतो. तो न बघता स्नायू शिथिल करणारं औषध देऊन बसलं की पुढची दहा मिनिटं फार लांब वाटतात.

दात मोजायचे. जे दात नाहीत ते अपघाताच्या जागी सापडले का ते विचारायचं, नाहीतर छातीचा एक्स-रे पुन्हा बघायचा. एखादा दात उजव्या फुप्फुसात जाऊन बसलेला असू शकतो. मान तपासलेली असायला हवी. आमच्याकडे येणारे बहुतेक जण दुचाकीवरचे असतात. डोक्यावर हेल्मेट असलं तरी ते नुसतं टोपीसारखं, हनुवटी उघडी. त्यामुळे डोकं वाचतं आणि चेहरा रस्त्यावर किंवा समोरच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटतो.

सबमेंटलला हात घालण्याआधी एक साधी चाचणी असते. पेशंटला दात मिटायला सांगून शेवटच्या दाढेच्या मागे गालाच्या आतून करंगळी घालून बघायची. तिथे ऐसपैस जागा असेल, अक्कलदाढ आलेली नसेल, तर नळी तिथूनच वळवून दाढेला वायरने बांधता येते. छेद नाही, टाका नाही. मोठ्या माणसात ती जागा पुरेशी क्वचित मिळते, पण बघायला अर्धं मिनिट लागतं. उलट डोक्याला गंभीर मार आहे, शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस व्हेंटिलेटर लागणार आहे, तर सबमेंटलचा हट्ट धरू नये. तिथे ट्रेकिऑस्टॉमीच योग्य. जखमेवर जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती असेल किंवा रक्त गोठण्यात दोष असेल तरीही दोनदा विचार करायचा.

हे सगळं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचं झालं. ती सहसा सूज ओसरल्यावर, काही दिवसांनी होते. रात्री ताजा अपघात येतो तेव्हा ना आदली संध्याकाळ मिळते, ना चर्चा. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी पुढे मोडलेला असला की जिभेचा आधार सुटतो आणि उताणं झोपवल्याबरोबर जीभ घशात पडते. असा माणूस स्ट्रेचरवर उठून पुढे वाकून बसतो, तोंडातून रक्त आणि लाळ खाली सोडत. मान ठीक असेल तर त्याला तसंच बसू द्यावं. झोपवण्याची घाई करणारेच त्याचा श्वास बंद पाडतात. जीभ पुढे ओढून धरायची, नाहीतर तिच्यात जाड रेशमाचा टाका घालून ओढून ठेवायची.

आता नळीकडे येऊ. साधी पीव्हीसीची नळी इथे चालत नाही, कारण हनुवटीखाली वळताना ती मोडते. आत तारेचं वेटोळं असलेली फ्लेक्सोमेटॅलिक नळी लागते, पुरुषांना साधारण ८, बायकांना ७ किंवा ७.५. तिचा मर्मबिंदू म्हणजे टोकाला बसवलेला १५ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा कनेक्टर. हनुवटीखालच्या बोगद्यातून नळी ओढायची तर तो काढावाच लागतो. काही कंपन्या तो इतका घट्ट बसवतात, किंवा चिकटवतात, की तो निघतच नाही. हे पेशंटच्या श्वासनलिकेत नळी गेल्यावर कळलं तर पंचाईत. त्यामुळे आम्ही पाकीट उघडल्यावर आधी कनेक्टर पिळून काढून बघतो. नखाने निघत नसेल तर आर्टरी फोर्सेप्सचं (शस्त्रक्रियेच्या चिमट्याचं) टोक कडेखाली घालून गोल फिरवायचं, नळीला चीर न पाडता. एकदा निघाला की परत दाबून बसवायचा. तो घट्ट बसतो, पण दुसऱ्यांदा हाताने निघतो. नाहीच निघाला तर नळी बदलायची. इंट्युबेटिंग एलएमए, म्हणजे घशात बसवायच्या छोट्या मास्कसोबत येणारी सिलिकॉनची नळी या कामाला छान, कारण तिचा कनेक्टर निघण्यासाठीच बनवलेला असतो.

नळीच्या आतल्या टोकाजवळचा फुगा, म्हणजे कफ, फुगवून पाण्यात धरायचा, बुडबुडे बघायचे. कफ फुगवायची बारीक नळी आणि तिच्या टोकाचा फुगा, म्हणजे पायलट बलून, हाही बोगद्यातून जाणार आहे, तेव्हा तोही शाबूत हवा. तारेच्या नळीचा आणखी एक दुर्गुण लक्षात ठेवावा. फोर्सेप्सने मधोमध चिमटली किंवा पेशंटने चावली तर तार दबते आणि पुन्हा गोल होत नाही. पकड अगदी शेवटच्या टोकालाच घ्यायची.

टेबलावर रक्त आणि लाळ ओढून घेणारे दोन सक्शन चालू ठेवतो, कारण एक रक्ताच्या गुठळीने हमखास तुंबतो. घसा उघडून बघायचा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी), फायबरऑप्टिक स्कोप (कॅमेऱ्याची लवचीक दुर्बीण), आणि कागदात न गुंडाळता उघडी मांडलेली सामग्री: १० नंबरचं ब्लेड, बूजी, ६ नंबरची कफवाली नळी. ही शेवटची तीन गळ्यातून आपत्कालीन श्वासमार्ग करण्यासाठी. मानेवरची क्रिकोथायरॉइडची खाच, म्हणजे कंठमण्याखालची मऊ जागा, आधीच बोटाने शोधून पेनने खूण करून ठेवतो. वरचा चेहरा सुजलेला असला तरी मान बहुतेक वेळा मोकळी असते.

आधी ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम, लाळ कमी व्हावी म्हणून. तोंड उघडत असेल आणि मास्क चेहऱ्यावर बसत असेल तर भूल देऊन नळी घालतो. मास्क बसेल का हीच खरी शंका असते. मधला चेहराच सैल असला तर मास्क दाबला की हाडं मागे सरकतात आणि हवा कडेने निसटते. अशा वेळी पेशंट जागा, गुंगीत, स्वतः श्वास घेत असताना नळी घालणं शहाणपणाचं. गुंगीसाठी डेक्समेडेटोमिडिन दर किलोला १ मायक्रोग्रॅम, दहा मिनिटांत. घसा बधिर करायला ४ टक्के लिग्नोकेनची वाफ (नेब्युलायझेशन) आणि मग स्कोपमधून थोडं थोडं फवारत जायचं. सगळं मिळून लिग्नोकेन दर किलो वजनाला ९ मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. लठ्ठ पेशंटमध्ये हे वजन म्हणजे चरबी वगळून. रक्त घशात असेल तर स्कोपला लाल पडद्याशिवाय काही दिसत नाही. मग आधी बसवून गुळण्या आणि सक्शन. भूल दिलेली असो वा नसो, नाकाशी ऑक्सिजन चालूच ठेवतो. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तेच आहे, आणि लॅरिंगोस्कोपीचे प्रयत्न तीनच्या पुढे नेऊ नयेत, दोन प्रयत्नांच्या मध्ये रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९५ टक्क्यांच्या खाली असू नये, हेही. चौथ्यांदा ‘एकदा बघू या’ म्हणणारा वरिष्ठ प्रत्येक ठिकाणी एक असतो. त्याच्या हातून लॅरिंगोस्कोप घेणं हे कनिष्ठाचं अवघड काम.

नळी गेली, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर लाट आली, दोन्ही फुप्फुसांत हवा ऐकली, दातांशी किती सेंटिमीटरवर आहे ते फळ्यावर लिहिलं. सहसा २० ते २२. आता सर्जनची पाळी.

तोंड पोव्हिडोन आयोडीनने धुतात, हनुवटीखालचा भाग रंगवतात. जबड्याच्या खालच्या कडेच्या आतल्या बाजूला, मध्यरेषेच्या जरा कडेला, कडेला समांतर असा दीड ते दोन सेंटिमीटरचा छेद घेतात. बाजू कुठली, हे मोड कुठे आहे त्यावर. तुटलेल्या जागेतून बोगदा काढायचा नाही. काही सर्जन बरोबर मध्यरेषेतून जातात, तिथे रक्त कमी येतं. छेदाखाली वाकडी आर्टरी फोर्सेप्स घालून कातडी, तिच्याखालचा पातळ प्लॅटिझ्मा स्नायू आणि तोंडाच्या तळाचा मायलोहायॉइड स्नायू यांच्यातून वाट करतात. इथे एकच नियम, फोर्सेप्सचं टोक जबड्याच्या आतल्या हाडाला घासत राहिलं पाहिजे. हाड सोडून आत सरकलं की तिथे जिभेखालची लाळेची ग्रंथी, तिची नलिका आणि जिभेची संवेदना नेणारी नस आहे. टोक तोंडाच्या तळाशी आलं की श्लेष्मल त्वचा तंबूसारखी वर उचलली जाते. तिथे तोंडातून छोटा छेद दिला की फोर्सेप्सचं टोक जिभेशेजारी बाहेर डोकावतं. मग फोर्सेप्स उघडून बोगदा नळी जाईल इतका रुंद करायचा. इथे कंजूषी केली की पुढे नळी अडते, आणि ती नेमकी श्वास तुटलेला असताना अडते.

पहिल्यांदा पायलट बलून जातो. तो रिकामा करून फोर्सेप्सच्या चिमटीत धरून हळूच बाहेर काढायचा, बाहेर आला की लगेच कफ तपासायचा. दोन्ही एकदम ओढायचा मोह होतो. तसं केलं की बारीक नळी तुटते. मग शंभर टक्के ऑक्सिजनवर तीन ते पाच मिनिटं. भुलीचा वायू सर्किटमधून, म्हणजे मशीनला जोडणाऱ्या नळ्यांमधून, येत असेल तर तो या वेळात थांबणार, म्हणून शिरेतून भुलीचं औषध प्रोपोफॉल चालू ठेवायचं.

“मॅडम, नळी तुमच्या हातात आहे?”

“दोन बोटांत धरलीये, दाढेला टेकवून. काढा सर. सिस्टर, वेळ मोठ्याने मोजा.”

सर्किट सुटतं, कनेक्टर निघतो. तो हिरव्या चादरीवर नाही, सिस्टरच्या तळहातावर ठेवायचा. चादरीच्या घडीत गेलेला कनेक्टर शोधणं हा त्या क्षणाचा उद्योग नव्हे. नळीच्या उघड्या तोंडावर हातमोज्याचं कापलेलं बोट चढवायचं, म्हणजे बोगद्यातून येताना रक्ताची गुठळी आणि चरबी आत भरणार नाही. सर्जनच्या फोर्सेप्सने टोक धरलं, हनुवटीखाली ओढलं. याच वेळी आमची दोन बोटं घशाशी नळी दाबून असतात, कारण वरून ओढलं की खालचं टोकही वर येऊ पाहतं. नळी आत ढकलली गेली तर ती उजव्या फुप्फुसात जाते, बाहेर आली तर श्वासनलिकेतूनच निघते. बाहेर आल्यावर बोट काढायचं, कनेक्टर बसवायचा, सर्किट जोडायचं. सगळं सुरळीत झालं तर अर्ध्या-पाऊण मिनिटात होतं. मोज्याचं बोट काढायला विसरलं तर सर्किट जोडूनही छाती हलत नाही, दाबाचा आकडा वर जातो आणि सगळे नळी चुकीच्या जागी गेली म्हणून धावपळ करतात. आधी टोकाकडे बघावं.

मिनिट होत आलं आणि नळी अडकलेलीच असेल तर झटापट करायची नाही. टोक तोंडात परत घ्यायचं, कनेक्टर लावायचा, ऑक्सिजन द्यायचा, बोगदा रुंद करायचा, पुन्हा. कनेक्टर न निघणाऱ्या नळीसाठी दुसरी युक्तीही आहे: नवी नळी हनुवटीखालून तोंडात घ्यायची आणि जुनी काढून ती लॅरिंगोस्कोपने घालायची. पण यात श्वासनलिका काही क्षण रिकामी राहते, त्यामुळे पहिल्यांदा नळी घालताना त्रास झाला असेल तर हा मार्ग आम्ही टाळतो.

पुन्हा लाट बघायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका, कातडीपाशी नळीवर किती आकडा आहे तो पहिल्या आकड्याशेजारी लिहायचा. २-० सिल्कने नळी कातडीला बांधतात, छातीतल्या ड्रेनला बांधतात तशी. घशात ओल्या गॉझचा पॅक. त्याचा एक शेपटा बाहेर, फळ्यावर ‘पॅक आत’ आणि पेशंटच्या कपाळावर तेच लिहिलेली चिकटपट्टी. कपाळावर छेद घ्यायचा असेल तर चिकटपट्टी हातावर. विसरलेला पॅक नळी काढल्यावर श्वासमार्गात अडकून जीव घेऊ शकतो, म्हणून हे तिन्ही.

पुढचे काही तास आम्ही पेशंटच्या चेहऱ्यापासून लांब, चादरीच्या पलीकडे. मान वाकली की नळी आत सरकते, ताणली की बाहेर येते. प्रत्येक वेळी सर्जननी डोकं फिरवलं की लाट आणि दाब बघायचा. ड्रिलने किंवा सुईने पायलटची बारीक नळी कापली जाणं हे अधूनमधून होतं. नळी बदलायची गरज नसते. कापलेल्या टोकात २२ नंबरचं व्हेनफ्लॉन (सलाइनसाठी शिरेत घालतात ती बारीक नळी) सुईविना सरकवायचं, त्याला थ्री-वे, म्हणजे तिहेरी तोटी, लावून कफ भरायचा आणि थ्री-वे बंद करायचा. सकाळपर्यंत टिकतं. मधला चेहरा हलवताना नाडी एकाएकी मंदावली तर सर्जनना ‘हात काढा’ म्हणायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने नाडी परत येते, नाहीतर नाडी वाढवणारं ॲट्रोपीन.

शेवटी उलटा प्रवास. टाके कापायचे, शंभर टक्के ऑक्सिजन, कनेक्टर काढून आधी नळी तोंडात, मग पायलट. पॅक काढायचा, मोजायचा, फळ्यावरून खोडायचा. कातडीला दोन-तीन टाके. तोंडाच्या तळातला छेद आम्ही शिवत नाही, तो आपोआप भरतो, आणि घट्ट शिवला तर आत रक्त साठून जिभेचा तळ फुगतो. बऱ्याच जणांत नळी लगेच काढत नाही. सूज कमी व्हावी म्हणून डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम दिलेलं असतं, तरी सूज दुसऱ्या दिवशी वाढते. कफ रिकामा करून नळीच्या कडेने हवा जाते का ते बघतो, पेशंट पूर्ण शुद्धीवर, सांगितलेलं ऐकणारा, डोकं उंच करून बसलेला हवा. गिळलेलं रक्त पोटातून ओढून घेतलेलं असावं. उलटीची औषधं दिलेली असावीत, कारण दात वायरने बांधलेले असतील तर उलटीला बाहेर यायला वाट नाही.

वॉर्डमध्ये पाठवताना खाटेच्या उशाला वायर कटर सुतळीने बांधतो. नुसता बांधून भागत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला पेशंटचा ओठ वर करून दाखवावं लागतं की दातांभोवतीच्या आडव्या वायरी सोडा, वरच्या जबड्यापासून खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या या उभ्या वायरी कापायच्या, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. रबर बँड असतील तर साधी कात्री पुरते. मग तिच्याच हातात कटर देऊन, न कापता, एकेका वायरीला लावून बघायला सांगतो.